आत्या जासईला गेली आहे

आमचं घर पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत होतं. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या केबिनीत बसून ते गाड्या पुकारायचे आणि भोंग्यातला तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ यायचा. "पनवेलहून पेणमार्गे अलिबागला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." हे ऐकू आलं की आत्या भाताखालचा जाळ कमी करायची. उरणची दुपारची गाडी लागली की वाल सोलायला घ्यायचे. महाडची सुटली की मी दप्तर उचलायचं. घरात बाबा अगदीच कमी बोलत. त्यांचा सगळा आवाज स्टँडवरच खर्च होतो आणि आमच्या वाट्याला उरलासुरला येतो, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. पण भोंग्यातून ते जे सांगत ते खरं असे. गाडी रद्द म्हणाले की माणसं पिशव्या उचलून निमूट दुसरीकडे जात. त्या आवाजाशी कुणी वाद घालताना मी पाहिलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण; त्यांना नुसतं 'हरी' म्हणणारी घरात ती एकटीच. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. माझी आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. दवाखान्यातून बाबा एकटेच परत आले आणि मला सांगण्यात आलं की आई मामाकडे गेली आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी मला तेच सांगितलं, खाऊ देऊन सांगितलं. मी रोज दारात बसून उरणची गाडी बघायचे, कारण मामा तिकडे राहायचा. शेवटी एका सकाळी आत्याने मला मोरीत आंघोळीला बसवलं, डोक्यावर पाणी घातलं आणि तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मंदे, तुजी आय मेली. ती आता यायची नाय. तुला रडायचं तर रड, मी हितं हाय." मी रडले. ती खरोखर तिथंच बसून राहिली, लुगडं भिजेपर्यंत. नंतर डोकं पुसताना तिने माझ्याकडून वचन घेतलं की आपण दोघींनी एकमेकींशी खोटं बोलायचं नाही. बाकीच्यांनी एकमेकांशी काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

मी ते वचन फार मनावर घेतलं. गणितात नापास झाले तर आधी आत्याला सांगायचे. तिनंही माझ्यापासून काही लपवलं नाही. मी काळी आहे आणि नाक बसकं आहे, हेसुद्धा तिनंच मला सांगितलं, तेही कुणीतरी बघायला येणार होतं त्या दिवशी. वर म्हणाली, "तू शिकायचं बघ. हे लग्नाचं आपल्याच्यानं जमायचं नाय." तिच्या खरं बोलण्याची गल्लीत सगळ्यांना भीती वाटायची. मला मात्र त्याचा आधार होता. जगात एक तरी माणूस असं आहे की ज्याचं बोलणं तपासून घ्यावं लागत नाही, हे माहीत असलं की मूल निर्धास्त वाढतं. मी तशी वाढले.

आत्याला एकच व्यसन होतं, मशेरीचं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडायची आणि ती पूड बोटाने दातांना लावून बसायचं. आमच्याकडच्या निम्म्या बायका लावायच्या. दुपारी जेवणं झाली की आमच्या पडवीत चौघीजणी भिंतीला टेकून बसत. प्रत्येकीचं बोट तोंडात, त्यामुळे गप्पा सगळ्या अर्धवट उच्चारांच्या, तरी एकमेकींना बरोबर समजत. तंबाखू भाजली जायची तेव्हा ठसका लागून मी आणि मांजर दोघंही बाहेर पळायचो. त्या वासात नाक झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि तरीही आज कुठे तो वास आला तर माझी पावलं तिकडे वळतात. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मला मुंबईत एका कर्करोग रुग्णालयाच्या आवारातल्या प्रयोगशाळेत संशोधनाची जागा मिळाली. नाडकर्णी मॅडम माझ्या मार्गदर्शक. मी आठवडाभर तिथल्याच वसतिगृहात राहायची आणि शनिवारी एसटीने घरी यायची. मॅडमचं काम पेशींना मिळणाऱ्या निरोपांवर होतं. पेशीच्या आत एक प्रथिन असतं. एरवी त्याला दुसऱ्या एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं असतं. पेशीला काही टोचलं, भाजलं, जंतू लागला की बाहेरून निरोप येतो, बंध सुटतो, आणि ते मोकळं झालेलं प्रथिन केंद्रकात शिरून हुकूम सोडू लागतं: सूज आणा, नव्या पेशी करा, कुणी मरू नका. जखम भरली की त्याने परत जागेवर येऊन गप्प बसायचं. मॅडमना शंका होती की तंबाखू सतत लागत राहिलेल्या तोंडातल्या पेशींत ते परत येत नसावं. जखम नसतानाही हुकूम चालूच राहत असावेत आणि कर्करोगाची सुरुवात तिथे होत असावी. त्या काळी सूज आणि कर्करोग यांचा असा संबंध लावणाऱ्यांकडे लोक जरा कौतुकाने आणि बरंचसं दुर्लक्षाने बघत. मला तो विचार ऐकताक्षणी पटला. मी पडवीत वाढले होते.

प्रयोगाला मशेरी लागणार होती. बाजारातली आणण्यापेक्षा मी घरची मागितली. आत्याला इतका आनंद झाला की तिने खास तवा घासून मशेरी भाजली, स्टीलच्या डबीत भरली आणि डबीला फडकं बांधलं, जणू मी ती सासरी नेणार होते. "तुज्या त्या पेशींना चांगली घाल," ती म्हणाली, "कंजूषपना करू नको." त्या मशेरीचा अर्क पेशींना दिला, रोज थोडा थोडा. काही आठवड्यांनी एक्स-रे फिल्मवर उमटणारी त्या प्रथिनाची पट्टी जिथे फिकी व्हायला हवी होती तिथे ती काळी ठिक्कर राहिली. प्रथिन केंद्रकातून परत आलंच नव्हतं. मी ती फिल्म उजेडाला धरून नाचायचीच बाकी होते. शनिवारी घरी जाऊन आत्याला म्हटलं, आता तरी सोड, मी डोळ्यांनी बघितलंय. ती म्हणाली, "काचेतल्या पेशींचं मला सांगू नको, त्या नाजूक असतील." मी म्हटलं, बरं, आ कर, मला तोंड बघू दे. "मागनं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्यानंतरच्या शनिवारी म्हणाली, "आता नाय, तोंडात मशेरी हाय." त्यानंतरच्या शनिवारी ती घरीच नव्हती.

"जासईला गेली," बाबा म्हणाले. "शालूला मुलगा झाला."

शालू माझी चुलत बहीण. उरणच्या वाटेवरच्या जासईला दिलेली. तिचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. आत्याचा हात बाळ न्हाऊ घालण्यात आणि बाळंतिणीला शेक देण्यात इतका चांगला की नात्यात कुणाचं काही असलं की तिला बोलावणं यायचंच. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. शालूला मुलगा झाला होता, हे तर खरंच होतं. मी म्हटलं, उद्या मीही जाऊन येते. बाबा भात कालवता कालवता म्हणाले, "सव्वा महिना तरी नको. तू दवाखान्याच्या आवारातून येतेस. जंतू न्यायचे नाहीत, तूच सांगत असतेस ना." मला माझाच धडा ऐकवला, तोही वर न बघता. मला वाटलं, वा, बाबा माझं बोलणं ऐकतात तर.

एसटीतल्या माणसांच्या घरी टपालावर कुणी अवलंबून नसे. कुठे काही पाठवायचं तर त्या बाजूच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं, तो नाक्यावर उतरवून देई, निरोपही त्याच्याचकडून येई. मी शनिवारी येताना आत्यासाठी काहीतरी आणायची आणि रविवारी उरणच्या गाडीवरच्या मोरेमामांच्या हाती द्यायची. एकदा बाळासाठी टोपडं दिलं, मीच शिवलेलं. दोनदा बुंदीचे कडक लाडू दिले, तिला तेच आवडत. पुढच्या शनिवारी बाबा आत्याचा निरोप सांगत. लाडू पोचले. मंदेला म्हणावं जेवत जा. मंदेला म्हणावं केसांना तेल लाव, चिमणीचं घरटं झालं असेल. बाबा असं कधी बोलत नाहीत, हे शब्द आत्याचेच, म्हणून मी आणखीच निश्चिंत झाले. घरात मशेरीचा वास नव्हता, तेवढं एक बरं वाटत होतं. तेच मला खटकायला हवं होतं, असं आता वाटतं. पण विश्वासाने ऐकणाऱ्या माणसाला वास येत नाहीत.

त्याच दिवसांत मॅडमनी एक छोटा बदल केला. शस्त्रक्रियेतून आलेले ऊतींचे तुकडे आणायला मी बर्फाची डबी घेऊन मुख्य इमारतीत जायची, ते काम त्यांनी आमच्या प्रयोगशाळेतल्या वसंतकडे दिलं. "तू लिखाणाकडे लक्ष दे," म्हणाल्या. मला तो मान वाटला.

मग एक दिवस वसंत आला नाही. मुख्य इमारतीतून फोन आला की तुकडा तयार आहे, आणि मॅडम मीटिंगमध्ये होत्या. मी डबी उचलली आणि खाली गेले. वाट किरणोपचाराच्या विभागावरून जायची. रोगी त्याला 'लाईट घेणं' म्हणत. बाहेरच्या लांब बाकांवर माणसं आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेली असत, कुणाच्या गालावर, कुणाच्या गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या. मला त्या रेघांची सवय झाली होती. एका बाकावर खाकी कपड्यांतला एक माणूस मांडीवर दुधाचा डबा घेऊन बसला होता. खाकी बघून माझं लक्ष गेलं. ते बाबा होते. ड्यूटीवरून थेट आले असावेत, छातीवर बिल्ला तसाच होता.

त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "तू इथं कशी?"

मी रोज जिथे कामाला येते त्या जागी मला हे विचारलं. मला आधी हसू आलं. मग दार उघडलं आणि आयाने हाताला धरून आत्याला बाहेर आणलं. डाव्या गालावर आणि मानेवर जांभळी चौकट, खालचा ओठ सुजलेला, पदर हनुवटीशी घट्ट धरलेला. ती निम्मी झाली होती. तिने मला पाहिलं आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढला. कुणी परका पुरुष समोर आला की ओढायची, तसा. तिचा तो हात मी अजून विसरलेले नाही. पुढे कितीतरी गोष्टी झाल्या, कुणी माझं काम स्वतःच्या नावावर छापलं, कुणी ठरल्या शब्दाला जागलं नाही. त्या सगळ्याचा मला राग आला आणि गेला. तो पदर गेला नाही.

सगळं मग तुकड्यातुकड्याने कळलं. तिच्या गालाच्या आतली जखम कितीतरी महिने भरत नव्हती. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. जवळच्या धर्मशाळेत ती आणि गल्लीतली एक बाई राहत होत्या, माझ्या वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाबा आवाराच्या मागच्या फाटकाने येत, कारण मी पुढच्याने ये-जा करते हे त्यांना माहीत होतं. गाड्यांच्या वेळा जुळवण्यात त्यांचा हात कोण धरणार? मोरेमामा माझे लाडू जासईला नेतच नसत. माझी मुंबईची गाडी सुटली की ते परत केबिनीत आणून ठेवत, आणि चहाबरोबर ड्रायव्हर लोक खात. टोपडं मात्र बाळापर्यंत पोचवलं, इतपत त्यांना लाज होती. अख्ख्या स्टँडला माहीत होतं. रविवारी मी मोरेमामांच्या हातात पुडकं द्यायची तेव्हा आजूबाजूचे सगळे कसे आस्थेने बघायचे, ते मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

मी वर जाऊन मॅडमना विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं. बाबा त्यांना येऊन भेटले होते, लवकर नंबर लावून देण्यासाठी. मॅडमनी लावून दिला होता आणि वचनही दिलं होतं. "तुझ्या वडिलांनी हात जोडले, मंदा," त्या म्हणाल्या. "तुझ्या कामाचा हा महत्त्वाचा टप्पा होता. तू काय केलं असतंस कळून?"

"तिच्याजवळ बसले असते," मी म्हटलं.

मग मी विचारलं, तिचा तुकडा माझ्या हातून गेलाय का. उपचारांआधी तपासणीला काढलेल्या तुकड्याचा उरलेला भागही आमच्याकडे येत असे. आम्हाला नाव कळत नसे, नुसता क्रमांक. मी त्या तुकड्यांचे बारीक काप करून, वाटून, त्यांतलं प्रथिन मोजत असे. काही काप इतके सुंदर काळे पट्टे देत की मी मॅडमना हाका मारून दाखवायची. "नाही," मॅडम म्हणाल्या. "तो मी तुझ्याकडे येऊ दिला नाही." त्या खरंच बोलत असतील. पण त्याच तोंडाने त्या मला महिनाभर रोज 'घरी सगळे कसे आहेत' असं विचारत होत्या. त्या क्रमांकामागचं नाव मी कधी शोधलं नाही. पुढे मॅडम वारल्या, त्यांच्या शोकसभेत मी चांगलं बोलले, आणि तो 'नाही' अजून माझ्याकडे तसाच पडून आहे, मला न पटलेला.

लोकांना वाटतं, इतक्या वर्षांनी मी म्हणेन की सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. केलंच. मला ते चांगलं समजतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या प्रयोगशाळेत आज कुणी एखादी गोष्ट 'तुम्हाला त्रास नको म्हणून' माझ्यापासून लपवली, तर मी त्याचं तोंड बघत नाही. मुलं मला खडूस म्हणतात. म्हणोत. आत्या त्यानंतर होळीपर्यंत होती. तोवर मी सुट्टी घेतली, घरी राहिले, सगळं केलं. पण आमच्या दोघींमध्ये जे तुटायचं ते त्याच संध्याकाळी तुटलं होतं, धर्मशाळेत.

मी तिथे गेले तेव्हा आत्या भिंतीकडच्या लोखंडी कॉटवर बसली होती. खोली मोठी, बायकांनी भरलेली, आणि प्रत्येक कॉटखाली एक स्टोव्ह. बाबा कोपऱ्यात तिच्यासाठी पेज ढवळत होते. मी कॉटवर तिच्या शेजारी बसले. मला राग आला होता, आणि इतक्या आजारी माणसावर रागावतोय याचाही राग येत होता.

"बाबांनी लपवलं ते लपवलं," मी म्हटलं. "पण तू?"

तिला बोलायला त्रास होत होता. तोंड आतून भाजून निघालं होतं. एकेक शब्द ती गालाच्या चांगल्या बाजूने काढत होती. "हरीला मीच बोलले," ती म्हणाली. "मंदेला कलू देऊ नको. त्याचा काय दोष नाय."

"का पण?"

"तू खरं बोलली असतीस."

"तूच शिकवलंस ते मला. मोरीत बसवून."

"हां," ती म्हणाली. "तवा मरन तुज्या आयचं होतं. आता माजं हाय."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघी बाकीच्यांहून वेगळ्या आहोत. तिच्यापुरतं ते कधीच तसं नव्हतं. तिने मला खरं दिलं होतं, पण स्वतः ते घ्यायची तिची तयारी नव्हती. आणि मी तिच्या जोरावर आयुष्यभराचा धंदा निवडून बसले होते.

तिने माझा हात धरला. हात तापलेला होता. "आता आलीस तर बोल," ती म्हणाली. "तू त्यातली हायेस, तुला ठाऊक. मी बरी होनार ना?"

दुपारी मॅडमनी मला सगळं सांगितलं होतं. गाठी मानेत उतरल्या होत्या. मला फक्त एक 'हो' म्हणायचं होतं. बाबा पळी हातात धरून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी मी कधी पाहिली नव्हती. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तिला जे वाचायचं ते तिने माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

आत्याने हात सोडला.

"हरी," तिने हाक मारली, "डॉक्टर काय बोलला, परत सांग बघू."

बाबांनी पेजेचं भांडं उतरवलं, हात पुसले आणि जवळ आले. "बोलला, लाईट संपली की सूज उतरेल," ते म्हणाले. "पोपटी लावायच्या दिवसांत तू घरी असशील, बाय. वालाच्या शेंगा तूच भरशील मडक्यात, भाजायला."

आत्याने मान हलवली. चेहरा सैल झाला. मी आल्यापासून तो तसा झाला नव्हता. मग तिने कॉटवर हाताने थोपटून बाबांना बसायची खूण केली. त्या कॉटवर तिच्याशेजारी एकाच माणसापुरती जागा होती. मी उठले, आणि बाबा बसले.